विहिरीतले चाळीस सेकंद

सोमवार, ७ एप्रिल. मुरुम

पोचले एकदाची. सोलापूरला गाडी बदलली, अणदूरला ड्रायव्हरला चहाची तल्लफ आली म्हणून वीस मिनिटं थांबलो, आणि अकराच्या सुमाराला मुरुम. ऊन मरणाचं आहे, पण मी खूश आहे. पुण्यात सहा महिने शेजारची इमारत पाडताहेत. सकाळी आठला ड्रिल सुरू होतं ते दिवे लागेपर्यंत. इथं समोर लिंबाचं झाड आहे, झाडाखाली एक शेळी आहे आणि शेळी गप्प आहे. एवढ्यावर माझं समाधान होतं, यावरून मी किती दमले आहे ते कळावं.

घर दैवशालाबाईंचं. पन्नाशीच्या, अंगणवाडीत काम करतात, एकट्याच राहतात. पुढची खोली मला दिलीय. पलंग, टीव्ही, कूलर, खिडकीला लावायला दोन वाकळा. आल्याआल्या खायला सुशीला, पोह्यांसारखा मुरमुऱ्यांचा, आणि वर शेंगदाण्याची चटणी. पुण्याच्या बाईला काय ठाऊक, म्हणून मुरमुरे कसे भिजवायचे तेही सांगितलं. मी ऐकून घेतलं. जेवणाच्या बाबतीत मी कुणाशी वाद घालत नाही.

काम असं. यज्ञेशच्या कंपनीनं ‘पंचांसमक्ष’ डिस्कवर आणलाय. १९७४चा काळा-पांढरा गुन्हेपट. नाव सगळे घेतात, धड प्रत कुणी पाहिलेली नसते. गोष्ट साधी आहे. मास्तरांचं प्रेत विहिरीत सापडतं, फौजदार चार पंचांसमोर पंचनामा करतो, आणि शेवटी कळतं की खुनी त्या चौघांतलाच एक. चित्रीकरण इथंच, मुरुमात झालं. मी डिस्क पाहून चित्र-आवाजाचा निकाल द्यायचा आणि आतल्या पुस्तिकेसाठी गावाबद्दल चार पानं लिहायची. एकोणीस वर्षं हेच करतेय. आता डोळे साथ देत नाहीत. हे शेवटचं, असं यज्ञेशला बजावलंय.

दुपारी त्याचा फोन आला. वेष्टन छापायला जायचंय, निकालपत्र आजच हवं. त्याचा छापील नमुना असतो. ‘संपूर्ण चित्रपट प्रत्यक्ष पाहिला’ याच्यापुढं ‘होय’, खाली सही. मी पहिली वीस मिनिटं पाहिली, मधली पाच, शेवटची दहा. उत्तम काम आहे. काळा रंग खरोखर काळा दिसतो, सावल्या चिखल होत नाहीत. सही केली, फोटो काढून पाठवला, पंख्याखाली आडवी झाले. ही वही कोण वाचणार आहे, म्हणून लिहिते: मी कायम असंच करते. डिस्कची जात दहा मिनिटांत कळते. उरलेले दोन तास कशाला जाळायचे?

मंगळवार, ८ एप्रिल

सकाळी वीरप्पाअण्णांकडे गेले. दोन घरं सोडून राहतात. वय शहात्तर, पाठ ताठ, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डोळे मात्र लालभडक. तंबूच्या टॉकीजवर तीस वर्षं मशीन चालवलं. तंबू गेला, मशीन भंगारात गेलं, पण ‘पंचांसमक्ष’ची प्रत त्यांनी ज्वारीच्या पोत्यांमागं जपून ठेवली. बाकीच्या प्रती कधीच्या नासल्या. जगानं जो काही पाहिला तो यांच्याच प्रतीवरून.

आता गंमत. विहिरीच्या प्रसंगात एक झटका आहे. पंच काठावर येतात आणि पुढच्या क्षणी सही करतानाच दिसतात. आम्ही सगळे शहाणे इतकी वर्षं सांगत आलो की हा दिग्दर्शकाचा धाडसी काट. मी स्वतः त्यावर अडीच पानं लिहिलीत. तो काट वीरप्पाअण्णांच्या कात्रीचा निघाला! चाळीस सेकंदांची साठ फूट फिल्म त्यांनी कापून तंबाखूच्या डब्यात ठेवली होती. मागच्या वर्षी तो डबा त्यांनी आपणहून यज्ञेशच्या माणसांपुढं उघडला; त्यांनी इथंच नक्कल उतरवून पट्टी परत केली. डिस्कवर ते चाळीस सेकंद परत जागेवर बसवलेत, एक तास बारा मिनिटांवर. वेष्टनावर तेच मोठ्या अक्षरात छापणार आहेत.

का कापलंत, असं मी विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, समदा बघितला का? हो, संपूर्ण, असं मी म्हटलं. जिभेला सवय आहे. त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. “लई बरं झालं,” म्हणाले, “एका माणसानं तरी बघितलं.” मग विचारलं, हात किती येळा वर आला?

कुठला हात? मी आपलं ठोकून दिलं, एकदा. त्यांनी कप खाली ठेवला, उठून आत गेले आणि परत बाहेर आलेच नाहीत. मी पाच मिनिटं बसून निघून आले. या वयात कॉपी करताना पकडल्यासारखं वाटलं.

दुपारी प्रायश्चित्त घ्यायचं ठरवलं. वाकळा टांगून खोली काळोखी केली, वही घेतली, डिस्क लावली. एक तास अकराला चार पंच काठाकडे चालत येतात इथवर मी जागी होते. जाग आली तेव्हा सह्या चालल्या होत्या. भाकरी आणि ऊन, दुसरं काय. फक्त दोन्ही हातांच्या बोटांची टोकं ओली होती, आणि धुण्याच्या पाण्यात तासभर राहिल्यावर पडतात तशा सुरकुत्या होत्या. कूलरचे तुषार उडाले असतील.

बुधवार, ९ एप्रिल

कूलरची टाकी कोरडी आहे. सकाळी मुद्दाम बघितली. नळाला इथं पाचव्या दिवशी पाणी येतं, दैवशालाबाई ते कूलरला कशाला घालतील?

अकराला पुन्हा बसले, तीन कप चहा पिऊन. तेच झालं. एक तास बारा, पंच काठावर, आणि माझी पापणी कुणी बोटानं खाली ओढावी तशी मिटली. उठले तेव्हा मनगटापर्यंत हात ओले. शेवाळाचा वास. पदराला पुसला तरी जाईना.

तशीच अण्णांकडे गेले आणि खरं सांगून टाकलं. पाहिला नाही, सही केली, तुमच्याशी खोटं बोलले. त्यांनी माझे हात स्वतःच्या हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. सावकाश सगळं सांगितलं, ते इथं उतरवते.

मास्तरांच्या प्रेताचं काम करणारा नट पाण्याला घाबरला. म्हणून गावातला सिद्धाराम घेतला, पट्टीचा पोहणारा, अण्णांचा जिवाभावाचा मित्र. त्यानं विहिरीत पालथं तरंगायचं आणि वर काठावर पंचनामा व्हायचा. चार पंच म्हणून गावातलेच चौघे उभे केले, त्यांतले एक अण्णा. तेव्हा चोवीस वर्षांचे. सिद्धारामनं उतरण्याआधी अण्णांना सांगितलं होतं, दम संपला की हात वर करीन, तू तेवढं ध्यान ठेव. पण कॅमेरा सुरू झाल्यावर वरून हुकूम आला, पंचांनी विहिरीत बघायचं नाही, फौजदाराच्या लेखणीकडे बघायचं. “पडद्यावर येनार म्हून आमी लेखनीकडंच बघत ऱ्हायलो, ताई. त्यो हात वर करत हुता.”

बाहेर काढला तेव्हा संपला होता. कंपनीच्या मॅनेजरनं कागद तयारच ठेवला. आंघोळीला उतरला, पाय घसरला, बुडाला. आणि खाली खरे पंच म्हणून याच चौघांच्या सह्या घेतल्या. प्रेताजवळ कुणी गेलं नाही, कागद कुणी वाचला नाही. ‘पंचांनी प्रत्यक्ष पाहिलं’ असं त्यावर लिहिलेलं होतं.

वर्षानं चित्रपट मुरुमात आला. सिद्धारामची आई पोराला पडद्यावर बघायला तंबूत येणार म्हणाली. तेव्हा अण्णांनी मशीनवर रीळ आधी एकट्यानं चालवून पाहिलं, आणि तिच्यासाठी ते चाळीस सेकंद कापले. कंपनीनं तो तुकडा तसाच्या तसा ठेवला होता. मेहनत वाया का घालवायची म्हणून.

बाकीचे तिघे पंच पाच वर्षांत गेले. झोपेत. आधी बोटं ओली, मग मनगट, मग कोपर, मग खांदा. तिसऱ्याची बायको सांगत होती, टँकरचं पाणी प्यायचे दिवस, घरात तांब्याभर पाणी नाही, आणि माणूस गळ्यापर्यंत चिंब.

अण्णा वाचले, कारण त्यांनी पाहिलं. तेव्हापासून रोज दुपारी ती पट्टी उजेडात धरून ते सगळी पाहतात, हात वर येतो तो प्रत्येक वेळा मोजतात. एक दिवस चुकला तर बोटं ओली होतात. पन्नास वर्षं दुपारी पाठ टेकलेली नाही. डोळे अधू झाले म्हणून यज्ञेशला पट्टीची नक्कल करू दिली, की दुसऱ्या कुणी नीट पाहावं आणि सिद्धारामची सुटका व्हावी. आणि मी काय केलं? न पाहता सही.

पाचवी पंच.

निघताना त्यांनी विचारलं, बघताना वही कशाला लागते? मी म्हटलं, सवय. “लिवू नगा,” म्हणाले. “नुसतं बघा.”

गुरुवार, १० एप्रिल

यज्ञेशला फोन केला. निकालपत्र मागे घेते, मी चित्रपट पूर्ण पाहिलेला नाही. तो हसला. म्हणाला, नीलाताई, पूर्ण कोण पाहतं? वेष्टन छापून झालंय, तुमच्या सहीसकट. मी म्हटलं, एक चिठ्ठी आत घाल, मी लिहून देते. म्हणाला, विश्रांती घ्या, आवाज दमलेला येतोय.

तीन वेळा बसले आज. उभं राहून पाहिलं. चित्र थांबवून एकेक चौकट पुढं सरकवली, आठव्या चौकटीला जमिनीवर कोसळले. एकदा डोळ्यांना कांदा लावला, हे लिहितानासुद्धा हसू येतंय. दर वेळी काठ, चार माणसं, आणि मग काहीच नाही. मधला काळ नुसता कापलेला.

कोपरापर्यंत.

दुपारी डिस्क बंद करून, पिशवीत कोंबून, व्हरांड्यात बसले होते. डुलकी लागली. पाच मिनिटंसुद्धा नसेल. दोन्ही बाह्या दंडापर्यंत पिळून काढाव्या लागल्या. म्हणजे डिस्क लावायलाही नको. झोपलं की झालं.

मला भीती वाटतेय. सरळ लिहिते. आयुष्यभर पडद्यावरची प्रेतं मोजली, कधी जेवण गेलं नाही असं झालं नाही. आज गेलं नाही.

शुक्रवार, ११ एप्रिल

झोपले नाही. रात्रभर व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या. शेळी बघत होती.

दैवशालाबाईंनी गादी उन्हात घातली. मी तिच्यावर नुसती टेकले होते सकाळी, क्षणभर. खांद्यांच्या जागी दोन ओले डाग. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. उद्या चैत्री पौर्णिमा, त्या येरमाळ्याला जाणार, येडेश्वरीला. मला म्हणाल्या, “चला की ताई, आई समदं बघून घेती.” फार मोह झाला. पण इतके तास बसमध्ये बसून मी जागी राहणार नाही. बसमध्ये तर मला कायम झोप लागते.

अण्णा येऊन गेले. ठरलं. उद्या ते माझ्याशेजारी बसतील, पापणी मिटली की चिमटा काढतील, गदागदा हलवतील. चाळीस सेकंद फक्त. चाळीस सेकंद एका माणसाकडे बघायचं. एवढंच करायचं होतं सोमवारी.

आता फक्त गळा —

शनिवार, १२ एप्रिल

दैवशालाबाई पहाटेच्या गाडीनं गेल्या. भाकरी झाकून ठेवलीय.

अक्षर बघवत नाही.

साडेअकरा. अण्णा आलेत. धुतलेलं धोतर, ताजी विभूती. देवळात निघाल्यासारखे. खुर्चीवर बसले. वही बघून पुन्हा तेच म्हणाले, लिवू नगा ताई. मी सांगितलं, अण्णा, पेन थांबलं की मी झोपते. लिहिता लिहिता बघीन, एकोणीस वर्षं तसंच बघतेय. त्यांनी मान हलवली. पटलं नाही त्यांना.

डिस्क लावली. सुरुवातीपासून. पहिल्यांदाच पूर्ण.

चांगला आहे चित्रपट. खरंच चांगला आहे. मास्तर वर्गात मुलांना पाढे म्हणायला लावतात तो प्रसंग मी कधी पाहिलाच नव्हता.

पाऊण तास. अण्णांनी दोनदा चिमटा काढला. रक्त आलं. बरं वाटलं.

एक तास पाच. काठ दिसायला लागला. शेवाळाचा वास —

एक तास दहा. अण्णा गप्प का?

झोपलेत.

तोंड उघडं, हात पोटावर. घोरताहेत. हाक मारली, हलवलं, गालावर मारलं — उठत नाहीत. श्वास नीट चालू आहे. हात पाहिले. कोरडे. आज त्यांनी पट्टी पाहिलेली नाही, तरी कोरडे. आता त्यांची गरज नाही. दुसरा पंच मिळालाय.

झोपू दे. दमलेत हो. पन्नास वर्षं —

एक तास बारा. जागी आहे. मी जागी आहे.

मी, नीला, पंच म्हणून, प्रत्यक्ष पाहून लिहिते की

विहीर. गोल. आकाश मध्ये. म्हणजे कॅमेरा वर नाही — खालून आहे — पाण्यातून वर —

काठावर चौघे. तिघे माहीत नाहीत. चौथे अण्णा, तरुण. डोळे मिटलेले.

पाचवी बाई आहे. खुर्चीत. तपकिरी साडी, माझी. मांडीवर वही. मान खाली —

गार आहे. खांद्यावर आलं —

हात वर केला. एक.

बाईचं लक्ष नाही. लिहितेय.

ओरडता येत नाही, तोंडात पाणी — हात वर. दोन. अगं वही ठेव. पेन ठेव. खाली बघ, एकदाच, चाळीस सेकंद फक्त —

लिहितेय. अजून लिहितेय. हेच लिहितेय ती —

गळा —

तीन. नीला, इकडे बघ, नीला, इक